श्रावण गुरुजी आणि इतवारीची नजर

श्रावण निमगडे आमच्या आश्रमशाळेत इंग्रजी शिकवायला आला ते साल ब्याऐंशी. आलापल्लीच्या पुढे डांबर संपून मुरूम लागतो, त्याच्याही बरंच आत आमची शाळा. सागाच्या जंगलात पत्र्याच्या खोल्या, मुलामुलींची वसतिगृहं आणि एक विहीर. मी तिथे गणित शिकवायचो. माझ्या आणि त्याच्या वर्गात मधे बांबूच्या तट्ट्याची भिंत होती, त्यामुळे त्याचं सगळं मला ऐकू यायचं आणि माझं त्याला.

तो मूळचा घुग्घुसचा. बाप कोळशाच्या खाणीत. पण दिवाळीनंतर तो मामाच्या गावी, सिंदेवाहीकडे जायचा, आणि तिथल्या मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, नाटकांत खलनायकाचं काम करायचा. त्याचे डोळे मोठे होते, बाहेर आल्यासारखे, आणि ते कसे वापरायचे हे त्याला माहीत होतं. नुसती एक भुवई वर केली की मागच्या बाकावरची पोरं गप्प व्हायची.

पहिल्याच वर्षी त्याने दहावीला वाक्प्रचार शिकवले. इंग्रजीत पाहण्याचे किती प्रकार आहेत, हा धडा. आमच्या पोरांना मराठीच मुळात दुसरी भाषा, घरी माडिया नाहीतर गोंडी; इंग्रजी म्हणजे नदीपलीकडची नदी. पण त्या दिवशी माझा वर्ग गणित सोडून तट्ट्याला कान लावून बसला, आणि मीही त्यांना काही बोललो नाही.

"टु लुक डॅगर्स," श्रावण सांगत होता. "डॅगर म्हणजे सुरा. हाताने नाही मारायचा. डोळ्यानं मारायचा. असा." आणि त्याने काय केलं असेल ते मला दिसलं नाही, पण पलीकडे मुली किंचाळल्या आणि मग सगळे हसत सुटले.

"आपल्यात याले काय म्हनते?"

"खाऊ का गिळू!" रंभा नावाची एक चुणचुणीत मुलगी ओरडली.

"शाबास. आता हे पाहा. शीप्स आइज. मेंढीचे डोळे. पोरगा पोरीकडे असा पाह्यते ना, तेव्हा." पुन्हा हसणं. "नाकावरून खाली पाहणं, लुक डाउन युअर नोज. म्हणजे मी साहेब, तू कोण? आणि हे सगळ्यात भारी: अ कॅट मे लुक अ‍ॅट अ किंग. मांजरीलेही राजाकडे पाह्याचा हक्क आहे."

मग त्याने आपल्या आज्याची गोष्ट सांगितली. आजा मालगुजाराकडे, गावच्या जमीनदाराकडे, राबायचा. जोडे हातात, मान खाली, आणि उभं आयुष्य असंच. मालगुजाराचे पाय तो गर्दीतही ओळखायचा, पण तोंड कसं आहे ते त्याला माहीत नव्हतं. छप्पन साली चांद्याला जाऊन आजा दीक्षा घेऊन आला आणि दुसऱ्या दिवशी वाड्यासमोर जाऊन उभा राहिला. मान वर करून पाहिलं. "पाह्यते तर काय, मालगुजार चकना! ज्याले एवढे भेत होतो त्याले आपण नेमके कुठी उभे आहो हेच धड दिसत नव्हतं!"

दारात पाण्याची कावड टेकवून उभा असलेला दसरू तेव्हा सगळ्यांत मोठ्याने हसला होता. दसरू शाळेचं पाणी भरायचा, लाकडं फोडायचा. नाल्यापलीकडच्या पाड्यावर त्याचं घर. बोलणं कमी. श्रावणच्या वर्गात मात्र तो कावड घेऊन रेंगाळायचा, त्यातलं किती समजायचं देव जाणे. श्रावणची आणि त्याची गट्टी त्या हसण्यापासून जमली. दर गुरुवारी शाळेजवळ बाजार भरे, तिथे दसरूची बायको इतवारी चारोळी, हिरडा, मोहफूल असं काहीबाही विकायला बसे. श्रावण तिच्याकडूनच चारोळी घ्यायचा आणि ती त्याला ओंजळभर जास्त द्यायची. तिने त्याच्याकडे तेव्हा नीट मान वर करून पाहिलेलं मला आठवत नाही. पाड्यावरच्या बायका परक्या माणसाकडे तशा पाहत नसत.

पुढच्या हिवाळ्यात एसटी दोन-तीन दिवस आली नाही. वसतिगृहातलं गोडं तेल संपलं. श्रावण म्हणाला, मी सायकलनं आणतो. सोबत दसरू गेला. येताना तेलाचा डबा कॅरिअरला बांधलेला, आणि निम्म्या वाटेवर चाक पंक्चर झालं. मग दोघे पायीच निघाले. उन्हं अजून बरीच वर होती. वाटेत पाड्याकडचाच तो नाला लागतो, त्यावर दगडी फरशी टाकलेली. दसरूला तहान लागली म्हणून तो खाली उतरला. श्रावण वर फरशीवर दोन्ही हातांनी सायकल धरून उभा राहिला, कारण भरल्या डब्याच्या वजनाने ती स्टँडवर उभी राहत नव्हती.

यापुढचं मी त्याच्याच तोंडून ऐकलेलं सांगतो.

वाघ आला असं त्याला कधी म्हणता आलं नाही. तो म्हणायचा, वाघ तिथेच होता. पलीकडच्या काठावर वाळलेलं बांबूचं बेट होतं, आणि त्यातलं काही वाळलेलं नव्हतं, ते वाघ होतं. दसरू उकिडवा बसून ओंजळीने पाणी प्यायला वाकला होता. पुढच्या क्षणी तो वाकलेला नव्हता. आवाज झाला नाही, निदान श्रावणला आठवत नाही. वाघाने त्याला खांद्यामानेत धरलं होतं आणि डोकं वर करून श्रावणकडे पाहिलं.

"देवाजीभाऊ, तो माझ्याकडे पाहत होता, पण मी त्याला दिसत नव्हतो," श्रावण मला म्हणाला होता. "आपण लांबच्या डोंगराकडे पाहतो तेव्हा मधलं झाड कुठं मोजतो? तसा. मी मोजण्यात नव्हतो."

आणि दसरूनेही पाहिलं. त्याचे डोळे उघडे होते. तो श्रावणकडेच पाहत होता.

श्रावणने सायकल टाकून दिली. डबा फुटला, तेल फरशीवरून नाल्यात गेलं. तो ओरडला, दगड मारले, घसा फुटेपर्यंत शिव्या दिल्या. वाघाने घाई केली नाही. तो वळला आणि बांबूत गेला. श्रावण पळत जंगल खात्याच्या कुपावर, लाकूडतोड चालली होती तिथे, पोचला. तिथले मजूर कुऱ्हाडी घेऊन, पत्र्याचे डबे वाजवत आले. दिवस मावळायच्या आत दसरू सापडला, पण तो तेव्हा उरलेला नव्हता.

श्रावणला कोणी बोल लावला नाही. पाड्यावरच्या म्हाताऱ्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, म्हणाले, गुरुजी, तुम्ही वाचले हेच खूप. फॉरेस्टवाले पंचनामा करून गेले. हेडमास्तरांनी त्याला चार दिवस घरी पाठवलं. तो घुग्घुसला जाऊन आला, परत शिकवायला लागला, आणि आम्हाला वाटलं की निभावलं.

पण तट्ट्याच्या या बाजूला बसून मला कळत होतं की काहीतरी बदललं आहे. त्याचा आवाज आता भिंतीवर आपटून यायचा. एकदा कारण काढून मी त्याच्या वर्गात डोकावलो. तो फळ्याकडे तोंड करून शिकवत होता. लिहीत काही नव्हता. खडू हातात होता आणि तो फळ्याशीच बोलत होता, मुलांकडे पाठ करून. मुलं इतकी शांत बसली होती की मलाच कसंतरी झालं.

संध्याकाळी मी विचारलं, "काऊन रे श्रावण, पोरांकडे तोंड करून शिकवत नाहीस?"

"वळलो की सगळे पाहतात," तो म्हणाला.

"गुरुजीकडे पोरं नाही पाहणार तर कोणाकडे पाहतील?"

"तेच ना."

आम्ही एका खोलीत राहायचो. भिंतीवर त्याने बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा असे दोन फोटो लावले होते. बुद्धाचे डोळे अर्धे मिटलेले. त्या फोटोखाली तो तासन्‌तास बसायचा. बाबासाहेबांचा फोटो त्याने काढला नाही, ते त्याच्याने कधीच झालं नसतं, पण जेवायला बसताना तो त्या फोटोकडे तोंड येणार नाही असा बसायचा आणि मग त्याचीच त्याला लाज वाटायची. आरसा उलटा ठेवायचा. दाढी चाचपडून करायचा, गालावर कुठेतरी कापून घ्यायचा. खिडकीला आधी वर्तमानपत्र चिकटवलं, मग पोतं बांधलं. वाघाची भीती वाटते का, असं मी एकदा विचारलं. तो म्हणाला, वाघाचं काय, तो परत दिसला तर मी ओळखणारही नाही. दसरूचं पाहणं जात नाही.

"काय होतं त्याच्यात?"

"तेच समजत नाही. वाचव म्हणत होता की पळ म्हणत होता. का नुसताच पाहत होता. नाटकात मी एवढे डोळे केले, भाऊ. राग, माया, कपट, मरण. कोणी डोळ्यानं काय म्हणते ते मला लगेच कळायचं. हे एक नाही कळलं."

त्यानंतर इतवारी पाहायला लागली.

दसरूचं सगळं कार्य उरकल्यावर ती पुन्हा गुरुवारच्या बाजारात आली. नेहमीच्या जागी पाटी ठेवून बसली. श्रावण तिच्याकडे जायला कचरत होता, मीच त्याला ओढून नेलं. म्हटलं, तू नाही गेलास तर तिला काय वाटेल? आम्ही समोर उभे राहिलो. इतवारीने मान वर केली आणि सरळ श्रावणच्या डोळ्यांत पाहिलं. पापणी हलली नाही. तोंडावर राग नव्हता आणि दुःखही दिसत नव्हतं. मी चारोळी मागितली, तिने माझ्याकडे न पाहता मोजून दिली. शेजारच्या बायका बोलायच्या थांबल्या. आम्ही निघालो तरी ती नजर पाठीला लागून आली, हे मलाही जाणवलं, मग त्याला किती जाणवलं असेल.

पुढच्या गुरुवारी तो बाजारात गेला नाही. ती बाजार उठल्यावर शाळेच्या कुंपणाशी आली. पाटी डोक्यावर, हात खाली, आणि त्याच्या वर्गाच्या दाराकडे नजर. काही मागितलं नाही, काही बोलली नाही. शाळा सुटली, श्रावण बाहेर आला, तिने त्याला मन भरेपर्यंत पाहिलं आणि निघून गेली. मग हे दर आठवड्याचं झालं. स्वयंपाकीण केसरबाई म्हणाली, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. शिपाई मुखरू म्हणायचा, गुरुजीले नजर लावून राह्यली, उतारा करून घ्या. श्रावणचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. तो मुखरूवर खेकसला. पण त्याच रात्री त्याला ताप आला.

"तिला वाटतं माझ्या जागी तो मेला," तो मला म्हणाला. "तिचं चुकतं असं मी म्हणत नाही. ते सुरे आहेत, भाऊ. एकेक गुरुवार एकेक सुरा."

"तिच्या तोंडावर तसं दिसत नाही."

"तुला काय कळते तोंडावरचं? तू गणिताचा."

मार्च जवळ आला. दहावीची उजळणी सुरू झाली, आणि वाक्प्रचारांचा तो धडा पुन्हा घ्यावाच लागला. त्या दिवशी मी माझ्या वर्गाला गणितं घालून दिली आणि तट्ट्याशी खुर्ची ओढून बसलो. श्रावण सपाट आवाजात सांगत होता. लुक डॅगर्स, अर्थ अमुक. शीप्स आइज, अर्थ तमुक. कोणी हसलं नाही. आज्याची गोष्ट त्याने सांगितलीच नाही. रंभा या वेळी नव्हती, ती पास होऊन गडचिरोलीला गेली होती. मग तो 'टु लुक थ्रू समवन'वर, माणसाच्या आरपार पाहण्यावर, आला.

"याचा अर्थ," तो म्हणाला, "समोर माणूस उभा असते. आणि आपण त्याच्याकडे असं पाहतो की तो..."

पुढे काही आलं नाही. मी वाट पाहिली. खडू पडल्याचा आवाज झाला. मग कोणीतरी मुलगी हळूच म्हणाली, "गुरुजी, पानी आणू का?"

मी धावत गेलो. तो फळ्याला कपाळ टेकवून उभा होता. मी त्याला खांद्याला धरून बाहेर आणलं तेव्हा त्याने डोळे घट्ट मिटलेले होते, आणि खोलीपर्यंत तो तसाच, आंधळ्यासारखा माझा हात धरून चालला.

हेडमास्तर चांगला माणूस होता. म्हणाला, निमगडे, तुमची बदली राजुऱ्याकडे करून घेऊ. तिकडे इतकं जंगल नाही, गावही मोठं. चार लोकांत राहाल तर विसराल. श्रावण हो म्हणाला. बदली होणार हे कळल्यावर त्याचा चेहरा बराच निवळला. पण सामान बांधायच्या आदल्या दिवशी दुपारी तो मला म्हणाला, "भाऊ, पाड्यावर येतोस? मला एकट्यानं नाही जमणार. जायच्या आधी तिला एकदा बोलू दे मला काय बोलायचं ते."

आम्ही नाल्यापलीकडे गेलो. त्या फरशीवरून जाणं त्याने टाळलं, लांबून फेरा घातला. इतवारी अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. मोहाचा तो गोड, जड वास सगळ्या पाड्यावर पसरला होता. ती उठली नाही. आम्हाला बसायला खाट दाखवली आणि पुन्हा श्रावणकडे तशीच पाहायला लागली.

श्रावण मान खाली घालून बसला. तसाच म्हणाला, "बाई, मी चाललो. बदली झाली. जायच्या आधी तुमाले जे म्हनाचं असन ते म्हना. शिव्या द्या. पण असं पाहू नका."

"कसं?"

"असं. मले वाटते तुम्ही मले मारून राह्यल्या."

इतवारीला खरंच नवल वाटलं. हातातली फुलं तिने खाली ठेवली.

"मी काऊन मारू तुमाले? तुम्ही का केलं?"

"मग काऊन पाह्यता?"

मराठी तिला मोजकीच यायची, शब्द जमवत होती.

"त्याले शेवटचं कोन पाह्यलं?" तिने विचारलं. "मी नाई पाह्यलं. आनला तेव्हा तो तो नव्हता. तोंड झाकून होतं, कोनी उघडू नाई देल्लं. सकाळी पेज पिऊन गेला, तेव्हा मी पाठमोरी होतो, चूल फुंकून राह्यलो होतो. जातो म्हनला. मी हो म्हनलो, पन मागं वळून नाई पाह्यलं." तिने श्रावणच्या डोळ्यांकडे बोट केलं. "या डोळ्यांनं पाह्यलं त्याले. त्याचं शेवटचं इथीच आहे. मी तुमाले नाई पाहून राह्यलो, गुरुजी. त्याले पाहून राह्यलो."

श्रावणने मान वर केली. त्या घटनेनंतर माणसाच्या डोळ्यांत सरळ पाहताना मी त्याला पहिल्यांदा पाहिलं.

"सांगा मले," इतवारी म्हणाली. "काय पाह्यलं ते सांगा."

त्याने सांगितलं. सायकल, फरशी, ओंजळ. वाकलेली पाठ. बांबू. काहीच गाळलं नाही. मी मधे त्याला थांबवायला हात पुढे केला, बाईसमोर एवढं कशाला, पण तिनेच मला खुणेने गप्प केलं. दसरूने कसं पाहिलं तेही सांगितलं. मग त्याने तिला आपला प्रश्न विचारला, जो तो मला रोज विचारायचा.

"तुम्ही त्याची बायको. तुमाले माहीत असन. काय म्हनत होता तो मले? वाचव म्हनत होता का पळ म्हनत होता?"

इतवारीने खूप विचार केला. मला वाटलं आता ती काहीतरी सांगेल, खरं नाहीतर खोटं, आणि हा माणूस सुटेल.

"मले काय माहीत," ती म्हणाली. "मी तिथी नव्हतो. माझ्याकडे तो तसा कधी पाह्यला नाई."

परत येताना श्रावणने लांबचा फेरा घातला नाही. या वेळी तो फरशीवरून आला. मधोमध थांबून खाली पाण्याकडे पाहत राहिला. पाणी आटत आलं होतं, गोटे वर दिसत होते. दुसऱ्या दिवशी त्याने हेडमास्तरांना सांगितलं की बदली नको.

पुढची दोन वर्षं जे चाललं ते बाहेरच्याला विचित्र वाटेल. गुरुवारी बाजार उठला की इतवारी कुंपणाशी यायची. श्रावण बाहेर जायचा. दोघे मोहाच्या झाडाखाली बसायचे, आणि तो तिला तीच हकिगत सांगायचा. ती डोळे मिटून ऐकायची. मधेच विचारायची, पानी कोनत्या हातानं उचललं? उन्हं तोंडावर होती का पाठीवर? तिरपी टोपी होती का डोक्यावर? तो आठवून आठवून सांगायचा. पाड्यावरून सुरुवातीला कुजबुज झाली. दसरूचा धाकटा भाऊ चैतू एकदा रागाने आला, पण झाडाखाली बसून त्यानेही ऐकलं आणि डोळे पुसत गेला. मग कोणी काही म्हटलं नाही.

श्रावण सुधारला असं मी म्हणणार नाही. आरसा त्याने सरळ केला. वर्गात मुलांकडे तोंड करून उभा राहायला लागला, तरी एखादं पोर फार वेळ टक लावून पाहायला लागलं की तो वाक्य अर्धं टाकून खिडकीशी जायचा. झोपेत बोलायचा. खिडकीचं पोतं तसंच राहिलं. गुरुवार जवळ आला की मात्र त्याची तगमग कमी व्हायची, आणि सांगून आला की त्या रात्री त्याला झोप लागायची. मी एकदा म्हटलं, जखमेची खपली दर आठवड्याला कशाला काढतोस? तो म्हणाला, ती काढते, मी फक्त हात पुढं करतो.

शहाऐंशीच्या होळीच्या सुमाराचा गुरुवार. मी झाडाजवळच्या बाकावर वह्या तपासत बसलो होतो, ऐकू येत होतं. श्रावण सांगत होता. आता त्याच्या सांगण्याला एक लय आली होती, शब्द जागच्या जागी पडत होते. "आणि दसरूनं ओंजळ खाली केली, पाण्यावर सूर्य फुटला..."

इतवारीने डोळे उघडले.

"हे नव्हतं," ती म्हणाली.

"काय?"

"सूर्य. मांगच्या वेळेस नव्हता सूर्य."

श्रावण गोंधळला. "असन. उन्हं होती ना."

"उन्हं होती. पन सूर्य पान्यावर फुटला नव्हता. त्याच्या आधीच्या खेपेले तुम्ही म्हनले, पक्षी वरडला. तोही नव्हता." तिच्या आवाजात राग नव्हता. "गुरुजी, आता तुम्ही पाहून नाई सांगून राह्यले. बोलून राह्यले."

"नाही बाई, मी..."

"बस झालं. आता नका सांगू. नाईतर जे आहे तेही जाईन."

ती उठली, पाटी उचलली. जाण्याआधी तिने त्याच्याकडे एकदा पाहिलं, जसं बाजारातल्या कोणाही गिऱ्हाइकाकडे पाहतात तसं. आणि त्यानंतर ती कधी कुंपणाशी आली नाही. बाजारात भेटली की चारोळी द्यायची, बरे आहात का गुरुजी, एवढं विचारायची, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायची. वर्षभरात ती पाड्याच्या रीतीप्रमाणे चैतूच्या घरी नांदायला गेली.

ज्या नजरेला तो एवढा भ्याला होता ती गेली, आणि श्रावण जास्तच खचला. गुरुवारी संध्याकाळी तो झाडाखाली जाऊन बसायचा. एकदा मला म्हणाला, "भाऊ, तुला सांगू का तीच गोष्ट?" मी हो म्हटलं. त्याने सायकलपासून सुरुवात केली आणि फरशीशी येऊन थांबला. "कोणतं पाहिलेलं आणि कोणतं सांगता सांगता आलं, तेच मला ओळखू येत नाही आता," तो म्हणाला. सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्याने स्वतःहून बदली मागितली आणि घुग्घुसच्या शाळेत गेला.

अठ्ठ्याऐंशीच्या पावसाळ्यानंतर मी चंद्रपूरला कामाने गेलो होतो, तेव्हा वाट वाकडी करून त्याला भेटलो. कोळशाच्या ट्रकांनी रस्त्याचं पार पीठ केलेलं. शाळेच्या भिंती, झाडं, पोरांचे शर्ट, सगळ्यांवर काळी पूड. त्याचं लग्न झालं होतं, बायको सत्यशीला नर्सबाई होती. ती मला हळूच म्हणाली की हे जेवताना दिवा मागे ठेवतात, समोर ठेवलेला चालत नाही. पण बरे आहेत. शिकवतात चांगलं.

आम्ही शाळेसमोरच्या टपरीवर चहा घ्यायला गेलो. त्याने सगळ्यांची खबर विचारली. हेडमास्तर, केसरबाई, मुखरू. इतवारीला मुलगा झाला हे मी सांगितलं. त्याला बरं वाटलं. मग बशीत चहा ओतता ओतता, ट्रक जाईपर्यंत थांबून, त्याने अगदी साध्या आवाजात विचारलं, "देवाजीभाऊ, दसरू दिसायला कसा होता?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"त्याचं पाहणं आहे," तो म्हणाला. "रोज आहे. सकाळी उठलो की पहिलं तेच. पण त्याच्याभोवती तोंड नाही. नाक नाही, ओठ नाही. नुसतं पाहणं आहे. मी खूप आठवतो."

मी सांगायला लागलो. उंच होता, सडपातळ. पुढचा एक दात तुटका. केस कुरळे. कावडीनं उजवा खांदा खाली गेलेला. बोलता बोलता मलाच वाटायला लागलं की दात वरचा होता की खालचा, की तो मुखरूचा होता. मी थांबलो.

"असं का," श्रावण म्हणाला. त्याने बशी ओठाला लावली. चहावर कोळशाच्या पुडीची साय धरली होती, ती फुंकरीने बाजूला केली आणि तो प्यायला लागला.